उजवीकडची जागा

११ ऑगस्ट, ग्लासगो

आज आणखी एक नकार. तोही माणसानं लिहिलेला नाही, यंत्रानं. अर्जाच्या सुरुवातीलाच विचारतात, या देशात नोकरी करायची परवानगी आहे का? 'नाही' म्हटलं की पडदा लगेच आभार मानतो आणि दार लावून घेतो. फिजीच्या बेटांमध्ये सोळा वर्षं विमान चालवलं, इथल्या सगळ्या परीक्षा नव्यानं दिल्या, इथलं लायसन्स मिळवलं. पण ते सगळं पुढच्या पानावर, आणि तिथवर मला कुणी पोचूच देत नाही. नोकरी हवी तर व्हिसा दाखव, व्हिसा हवा तर नोकरी दाखव. वैमानिक मिळत नाहीत म्हणून युरोपभर बोंब आहे म्हणे. असेल.

शिक्षणासाठी मिळालेला व्हिसा शरदात संपतोय. आपिसाईला फोनवर सांगितलं. नवरा म्हणून तो गुणी आहे, पण धीर देणं त्याला जमत नाही.

"परत ये. कुणी हसणार नाही."

"तुझी आई हसेल."

"ती तर तू गेलीस तेव्हाही हसली होती."

मग वासिती आली आणि फोनला तोंड लावून पडलेल्या दाताची फट दाखवली. मी निघाले तेव्हा पोरीला धड बोलताही येत नव्हतं. आता दात पडायला लागले. इथं नोकरी लागली तर दोघांना आणता येईल, नाही लागली तर ही सगळी वर्षं पाण्यात. फोन ठेवून वृद्धाश्रमात कामावर गेले. तिथं एक आजी मला रोज विचारतात, तुझं विमान आलं का गं? आज मला रडू आलं.

२ सप्टेंबर

मॅग्नस ड्रेव्हर नावाच्या माणसाचा फोन आला. उत्तरेकडच्या बेटांवर एक छोटी विमान कंपनी आहे, तिचा मालक आणि मुख्य वैमानिक तोच. व्हिसाची हमी कंपनी घेईल म्हणाला. असली हमी देणारे मला पुष्कळ भेटलेत, म्हणून मी आधी विचारलं की बदल्यात काय द्यायचं. तो रागावला नाही. "हिवाळा काढायचा," एवढंच म्हणाला.

किती तास उडवलं, कुठलं विमान, हे त्यानं भरभर उरकलं. मग म्हणाला, "आमच्या बेटांवर तुमच्या ओळखीचं कुणी आहे?"

"नाही."

"कधी आला होतात? आमच्या कुणा वैमानिकाशी रेडिओवर, फोनवर बोलला आहात?"

"नाही."

"बरं झालं. एकट्यानं उडवताना मोठ्यानं बोलता का?"

मी म्हटलं, मी दोघांच्या विमानात तयार झाले. एकानं तपासणी विचारायची, दुसऱ्यानं बघून उत्तर द्यायचं. ती खोड जात नाही. एकटी असले तरी विचारते, क्षणभर थांबते आणि मीच उत्तर देते. वेडगळ वाटेल, पण काही विसरत नाही.

मला वाटलं, गेली हीपण नोकरी.

"ठीक आहे," तो म्हणाला. "कागद पाठवतो."

आपिसाईला फोन केला तर म्हणतो, काहीतरी गोम असणार. असू दे. गोम असलेली का होईना, नोकरी आहे.

२१ ऑक्टोबर, बेटावर

ट्रेनिंग संपलं. ड्रेव्हरनं पांढऱ्या विमानावर शिकवलं आणि मला दिलं ते लाल शेपटीचं. दोन्ही सारखीच, दोन इंजिनांची, मागं आठ माणसं कशीबशी मावतील अशी. लालचं हीटर तर जास्त चांगलं. तरी बाकीचे दोघे वैमानिक पांढऱ्यावरून भांडतात आणि लालला हात लावत नाहीत. मी विचारलं तर एकानं बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी बांधलेलीच होती.

माझी फेरी हेल्साची. सगळ्यात लांबचं बेट, गवताची धावपट्टी, एक खोपटं आणि त्यात इना. वाऱ्याची खबर देणारी तीच, आगीचा ट्रक चालवणारी तीच, सामान उतरवणारी तीच. साठी उलटलीय, अंगावर कायम पिवळा रेनकोट. विमान दिसलं की ट्रक घेऊन पट्टीवरून एक चक्कर मारते, मेंढ्या हाकलते आणि रेडिओवर सांगते, पट्टी मोकळी. त्याशिवाय उतरायचं नाही.

आमच्याकडे फिजीत वैमानिकाशेजारच्या जागेसाठी लोक हमरीतुमरीवर येतात. हेल्सावर तिकडे कुणी बघत नाही. आज गुडघे धरलेला एक म्हातारा मागच्या बाकावर घडी घालून बसला. मी म्हटलं, आजोबा, पुढं या, पाय पसरा. इना मध्ये पडली.

"पुढं नाही. पुढची जागा भरलेली धर."

पट्टी आखूड आहे, नाकाकडे वजन नको असेल. पण मग भरलेली कशाला धरायची? विचारणार होते, पण तिनं हातात जवाची गरम भाकरी आणि चीज ठेवलं आणि राहून गेलं.

३ नोव्हेंबर

एक गंमत. सकाळी इंजिन चालू करून निघण्याआधीची तपासणी.

"पट्टे?" मी विचारलं.

"घट्ट."

"इंधन?"

इथवर आल्यावर लक्षात आलं की 'घट्ट' मी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं बोलणं रेडिओत शिरलं असणार. फिजीत एकदा माझ्या हेडसेटमध्ये टॅक्सीवाला शिरला होता.

१७ नोव्हेंबर

रेडिओच. पुरुषाचा आवाज, इथल्याच वळणाचा, सावकाश. हेडसेट बदलून घेतला. फरक नाही.

इना पण मजेशीर बाई आहे. वारा सांगून झाला की रेडिओवर घरचंही सांगते. आज म्हणाली, "वारा पश्चिमेचा, बेताचा. पट्टी मोकळी. मटणाच्या रश्श्यात कोबी घातलाय. तुला आवडत नाही, माहितीय, पण घरात तेवढाच होता." मला कोबी आवडतो. उतरल्यावर तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो का? मग ये जेवायला."

रस्सा छान होता. टेबलावर ताटं मात्र तीन होती. कुणी आलं नाही.

५ डिसेंबर

रिकाम्या जागेचा पट्टा बांधून ठेवायचा असतो, नाहीतर तो लोंबकळून कंट्रोलमध्ये अडकतो. मला तो कधीच बांधावा लागत नाही. सकाळी येते तेव्हा बांधलेलाच असतो. मेकॅनिकचं काम असेल म्हणून आज आभार मानले, तर तो म्हणाला, मी त्या विमानाच्या आत फक्त दुपारी जातो.

शिवाय रिकाम्या जागेवर पट्टा आवळून बांधतात. हा ऐसपैस असतो, पोट सुटलेल्या माणसाला पुरेल इतका.

लिहून ठेवते, कारण लिहिलं की मूर्खपणा दिसतो आणि झोप लागते.

१४ डिसेंबर

आज "इंधन?" विचारलं आणि उत्तर आलं नाही. रोज येतं, आज नाही. मी थांबून राहिले. कशासाठी थांबले कोण जाणे. मग खाली बघितलं तर डाव्या इंजिनाचा इंधनाचा खटका बंदच्या बाजूला होता. थंडीत जाड हातमोज्यांचा धक्का लागला असणार. तसंच निघाले असते तर समुद्रावर इंजिन बंद पडलं असतं. खटका फिरवला, पुन्हा विचारलं.

"चालू."

पहिल्या 'घट्ट'पासूनचं आठवून बघतेय. जे नीट आहे त्यालाच उत्तर येतं. जिथं उत्तर येत नाही तिथं काहीतरी राहिलेलं असतं.

रेडिओ असा वागत नाही, हे मलाही कळतं. पण जास्तीच्या कामानं, अंधाऱ्या दिवसांनी माणसाचं डोकं स्वतःशीच बोलतं. डोळ्यांनी आधीच पाहिलेलं असतं, ते नंतर कानात ऐकू येतं. असंच काहीतरी असेल.

भीती वाटते, ती आवाजाची नाही. आज मी स्वतः न बघता उत्तराची वाट बघितली, त्याची.

१९ जानेवारी

मेडिकल. चाळिशी उलटलेली आणि एकटीनं माणसं नेणारी, म्हणून दर सहा महिन्यांनी बोलावतात. डोळे, कान, हृदय, सगळं ठणठणीत. मग डॉक्टरांनी संगणकात बघत विचारलं, "झोप? मन उदास? भास होतात? आवाज ऐकू येतात?"

एका 'हो'नं काय काय जाईल ते खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं. आधी मेडिकल जाईल, मग नोकरी. नोकरी गेली की व्हिसाची हमी गेली, आणि वासिती दाताची फट फोनवरच दाखवत राहील.

"झोप चांगली लागते," मी म्हटलं.

घरी येऊन दोघांच्या व्हिसाचे अर्ज पाठवले. आता निकाल लागेपर्यंत मी इथं नोकरीत हवी, बस्स. तोवर मला काही ऐकू येत नाही.

११ मार्च

जे झालं तेवढंच लिहिते.

हेल्साकडे निघाले. मागं एकच प्रवासी, गुरांचा डॉक्टर, एका अडलेल्या गाईसाठी निघालेला. समुद्रावर धुकं, पण बेट धुक्याच्या वर होतं. इनाचा आवाज आला, वारा नाही, पट्टी मोकळी. वळून खाली यायला लागले तेव्हा धुक्याची एक चादर पट्टीच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर सरकली. अलीकडचं टोक, दिवे, सगळं स्वच्छ दिसत होतं. चाकं टेकवण्याइतकी जागा दिसत होती. कुठल्याही वैमानिकानं विमान उतरवलं असतं.

मी काही विचारलं नव्हतं. तपासणी संपली होती.

"वर घे."

त्यानं आपणहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. माझ्या हातांनी माझं ऐकलंच नाही, त्याचं ऐकलं. इंजिन पूर्ण, नाक वर. मागून डॉक्टर ओरडला, "अहो, पट्टी समोर दिसत होती! माझी गाय मरेल!"

इनाला रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. घिरट्या घालत राहिले. जरा वेळानं चादर फाटली आणि पट्टीच्या मधोमध काहीतरी पिवळं दिसलं. शेजारी एक मेंढी शांतपणे चरत होती.

'पट्टी मोकळी' म्हटल्यावर ती मेंढी परत आली होती. ट्रक चालू होईना, म्हणून इना पायी हाकलायला गेली, ओल्या गवतावर घसरली आणि पाय मोडून तिथंच पडली. रेडिओ खोपटात राहिलेला. मी उतरले असते तर विमान धावत बरोबर तिच्यावर गेलं असतं.

शेजारच्या शेतावरून ट्रॅक्टर आला, तिला बाजूला घेतलं, मग मी उतरले. गुरांच्या डॉक्टरनंच पायाला फळ्या बांधल्या. इना पांढरीफटक पडली होती, पण जीभ जागेवर होती. "हळू रे, मी मेंढी नाही," म्हणाली. सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती. मला नजर देता आली नाही.

गाय वाचली.

१३ मार्च

उतरता उतरता वर घेतलं की कारण द्यावं लागतं. मी दिलं, वाऱ्याचा अचानक झोत. हेल्साच्या वारामापकावर त्या वेळी शून्य आहे, हे मला माहीत होतं.

गुरांच्या डॉक्टरनं सगळ्या गावाला सांगितलंय की मी देवदूत आहे. त्याचबरोबर हेही सांगितलंय की वर घेण्याआधी ती उजवीकडे मान वळवून कुणाला तरी 'बरं' म्हणाली. मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

उद्या ड्रेव्हरनं बोलावलंय. व्हिसाचा निकाल अजून नाही. आपिसाईला काही कळवलं नाही. तो ज्याला त्याला सांगतोय की इकडची थंडी कशी असते, जसा काही येऊन गेलाय.

१४ मार्च

ड्रेव्हरच्या टेबलावर माझा कागद होता. मी उभीच राहिले.

"झोत," तो म्हणाला.

"हो."

"मी हॉस्पिटलात वहिनीला विचारलं. तीही झोतच म्हणते. जमिनीवर पडल्या पडल्या तिला जाणवला म्हणे." त्यानं सही केली आणि कागद खणात टाकला. इना त्याची वहिनी आहे हे मला आजच कळलं.

"बस, लिटिया. एरलंड माझा मोठा भाऊ. हेल्साची फेरी त्याची. सहा वर्षांपूर्वी त्या लाल विमानात मी डावीकडे होतो आणि तो उजवीकडे, माझी परीक्षा घ्यायला. हेल्साला उतरायच्या आधी मी विचारलं, पट्टे? उत्तर आलं नाही. मला वाटलं, माझं काहीतरी राहिलंय म्हणून मुद्दाम गप्प आहे. तसाच होता तो. चूक सांगायचा नाही, गप्प बसायचा. मी सगळं पुन्हा तपासलं. सगळं बरोबर होतं. मग त्याच्याकडे बघितलं."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. ड्रेव्हरनं उठून दार लावून घेतलं.

"तिथं खाली इना पट्टी मोकळी करून उभी होती. त्यानंतर त्या विमानात आमच्यापैकी ज्यानं विचारलं, त्याला उत्तर मिळालं. मुलं घाबरट नाहीत गं. पण त्याच्याच हाताखाली शिकलेली पोरं ती. त्याचा आवाज ऐकून घरी जाताना गाडी बाजूला लावून रडायची. ज्याला तो आवाज ओळखू येणार नाही असा कुणीतरी हवा होता. इथं असा माणूस मिळत नाही. म्हणून हा व्हिसाचा खटाटोप."

"मला काही ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"उत्तम. असंच म्हणत राहा. मी सहा वर्षं डॉक्टरला सांगतोय, झोप चांगली लागते."

भाऊ गेल्याचं दुःख माणसाला काहीही ऐकवतं. बिचारा. माझी गोष्ट वेगळी आहे, माझा कामाचा ताण आहे. पण खुर्चीतून उठताना पाय हलके झाले होते, हे खरं.

१६ मार्च

इनाला भेटायला गेले. पाय वर टांगलेला, केस विंचरलेले. नर्स बाहेर जाईपर्यंत ती हवापाण्याचं बोलत राहिली. मग माझं मनगट धरलं.

"त्यानं माझं नाव घेतलं का?"

मी म्हणू शकले असते, कुणी? आजवर डॉक्टरला, ड्रेव्हरला, या वहीला तेच सांगत आलेय. एक साक्षीदार झाला की झाला, उद्या तिच्या तोंडून निघालं तर वासितीचा कागद अडकेल. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. आणि ती बाई सहा वर्षं रेडिओवर बोलतेय, पलीकडून तिला रोज दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येतोय. त्याचं ऐकू येतं ते फक्त विमानात, आणि ती जमिनीवर.

त्या दिवशी मी इथं सगळं लिहिलं नव्हतं. 'वर घे' नंतर आणखी एक वाक्य होतं. हळू, माझ्यासाठी नसल्यासारखं.

"घेतलं," मी म्हटलं. "म्हणाला, 'माझी इना आहे तिथं.'"

तिनं तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी तिच्या पांघरुणावर हात ठेवून बसले. भिंतीकडेच बघत तिनं विचारलं, "कोबीबद्दल काही बोलला?"

"नाही."

"म्हणजे अजून रागावलाय," इना म्हणाली.

८ मे

व्हिसा आला. दोघांचाही. आपिसाई पहिल्यांदाच फोनवर बोलला नाही, नुसता रडला. मागून त्याची आई विचारत होती, काय झालं, काय झालं.

२२ जून

काल आले. विमानतळावर वासिती माझ्यापाशी येईना, बापाच्या पायामागून बघत राहिली. मग म्हणाली, "तू फोनपेक्षा मोठी आहेस." दाताची फट भरलीय.

आज दोघांना हेल्साला नेलं. इना काठी टेकत परत कामावर आलीय आणि तिनं जेवायला बोलावलं होतं. विमानापाशी आपिसाई सरळ पुढच्या दाराकडे गेला.

"मागं बस," मी म्हटलं.

"का? इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसायची वाट बघतोय. जागा रिकामी तर आहे."

"भरलेली धर."

तो माझ्याकडे बघत राहिला. भांडला असता तरी चाललं असतं, पण तो गुपचूप मागं गेला. त्याचं मला वाईट वाटलं. उजवीकडचा पट्टा बांधलेला होता, ऐसपैस.

इंजिनं अजून बंद होती. हेडसेट माझ्या गळ्यातच होता. सवयीनं विचारलं, "पट्टे?"

"घट्ट!" वासिती मागून ओरडली. तिला हा खेळ वाटला.

उजवीकडून काही आलं नाही. मी थांबले. तरी नाही. मी आसनावरून मागं वळले. वासितीनं पट्ट्याची दोन्ही टोकं हातात धरून पोटावर ठेवली होती, कडी लावलीच नव्हती. मी हात लांब करून ती लावली, ओढून पाहिली आणि पुढं वळले.

"पट्टे?"

"घट्ट."

मग आपिसाई म्हणाला, "लिटिया, हे कोण बोललं?"

मी हेडसेट कानावर चढवला आणि डावं इंजिन सुरू केलं.